हलकं काहीतरी द्या

मी एकदा मेयोनीजची कढी केली होती.

आधी हसून घ्या. तेव्हा मी पंचावन्न वर्षांची अल्लड पोरगी होते, नुकतीच नोकरीला लागलेली, आणि नुकत्याच लागलेल्या सगळ्या पोरींसारखं मला सगळं कळत होतं. चाकण-तळेगाव रस्त्याच्या कडेला आमचं सँडविचचं दुकान. तिथे काउंटरवर एका बाटलीत पांढरं, घट्ट, जरासं आंबट असं काहीतरी असायचं. ते दही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. कुणाला विचारायचं कारणच नव्हतं. आयुष्यभर दही विरजलं होतं मी, मला कोण शिकवणार?

ती बाटली ज्यातून भरायचे त्या फोडलेल्या पाकिटात एका संध्याकाळी तळाशी थोडं उरलं. दुसऱ्या दिवशी ते चालणार नव्हतं, म्हणून विचारून घरी आणलं. बेसन लावलं, पाणी घातलं, आलं-मिरची वाटून घातली, जिऱ्या-कढीपत्त्याची फोडणी दिली आणि ढवळत उभी राहिले. उकळी यायच्या आतच वर तेल तरंगायला लागलं. वाटलं, फोडणीत जास्त पडलं असेल. पळीनं काढलं. पुन्हा आलं. पुन्हा काढलं. वाटी भरत आली तरी तेल काही थांबेना. सून भाकरी थापता थापता बघत होती. म्हणाली, "आई, कढी करताय का विहीर उपसताय?"

त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं. मुलगा पोट धरून हसला, मीही त्याच्यासोबत हसले. पण ओट्यावरच्या त्या वाटीकडे नजर गेली आणि माझं हसू तोंडातच राहिलं. मला माणिक आठवला.

माणिक कोण ते सांगते, पण आधी मी तिथे कशी पोचले ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही म्हातारी सँडविचात कुठून शिरली.

दुकान आहे ते आमचं रान. तिथे आम्ही बियाण्याचा कांदा करायचो. कांदा बियाण्यावर आला की उंच दांड्यांवर पांढरे गोंडे येतात आणि अख्ख्या रानात मधमाश्यांची गुणगुण भरून राहते. पुढे आजूबाजूला कंपन्या आल्या, रस्ता रुंद झाला, आणि मुलानं रस्त्याकडची जागा भाड्यानं दिली. काचेचं दुकान उभं राहिलं. दारावर पाटी लागली, लेडीज स्टाफ पाहिजे. मी गेले.

मुलगा म्हणाला, "अगं आई, आपण जागेचे मालक आहोत!"

"म्हणून तर. आपल्या रानात कोण काय शिजवतंय ते बघाय नको?"

दुकानाची इनचार्ज तेजल नावाची मुलगी होती, तळेगावहून स्कूटीवर यायची. जागेच्या मालकिणीला नाही कसं म्हणायचं, या पेचात तिनं मला ठेवून घेतलं. डोक्यावर काळी टोपी, पदर कमरेला खोचलेला, हातात प्लास्टिकचे मोजे. आरशात बघितलं तर दवाखान्यातून पळून आलेली बाई दिसली. मी स्वतःवर खूश होते. शिकवायला म्हणून तेजलनं मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला होता. त्यात एक गोरी बाई गोड आवाजात काहीतरी सांगत होती. तो आवाज इतका गोड होता की मला झोप लागली. मेयोनीज कशाचं करतात ते बहुतेक त्या झोपेतच सांगून झालं असावं.

आता काम कसं चालतं ते ऐका. गिऱ्हाईक काचेपलीकडे उभं राहतं आणि बोटानं दाखवत पुढे सरकतं. आधी पाव निवडायचा, अर्धा का पूर्ण. मग मधलं सारण: तळलेली टिक्की, भाजलेलं पनीर, अंडं, जे असेल ते. मग चीज. मग भाज्या. शेवटी बाटल्या. त्या बाटलीपाशी सगळं ठरतं, पण हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं आणि तेव्हा मलाही नव्हतं. ते म्हणायचं, "आजी, हलकं काहीतरी द्या." मी पाव तळहातावर ठेवून खरोखर तोलायची. कांद्याच्या वखारीत उभी राहिलेली बाई मी, हाताला वजन कळतं. काकडी, टोमॅटो, सिमला मिरची, सगळा पाणचट जडपणा. ते कमी करायचं, टिक्की ठेवायची, वर "दही" सढळ हातानं ओतायचं. कुणी विचारलं, हे पांढरं काय, तर मी ठसक्यात सांगायची, "दही हाय. खावा, पोटाला थंड." लोकांना वाटायचं आजी विनोद करतात. हसून पैसे देऊन जायचे.

हसला नाही तो माणिक. त्यानं विश्वास ठेवला.

माणिक परभणीकडचा, कंपनीच्या बसचा ड्रायव्हर. चाळिशीचा, अंगानं आडवातिडवा, आवाज मात्र बारीक. बस ड्रायव्हरचं काम बाहेरून चालवण्याचं दिसतं, खरं ते वाट बघण्याचं असतं. दुपारच्या शिफ्टची माणसं आणून सोडायची, सकाळच्यांना घरी पोचवायचं, की मग मोकळं. बस आमच्या शेजारच्या मैदानात उभी, माणूस उन्हात बसलेला, आणि समोर आमचं गार दुकान. रोज यायचा.

"मावशी, हलकं कायतरी द्या बगा. वजन उतरवायलोय."

"कशापायी रं? गडी माणूस भरलेला बरा दिसतो."

तो नुसता हसायचा. मला तो आवडायचा, म्हणून त्याला दह्याच्या दोन रेघा जास्त. कधी तीन.

कढीच्या दुसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन तेजलसमोर उभी राहिले. "ह्ये काय हाय, खरं सांग."

"मेयोनीज, आजी."

"ते झालं नाव. कशाचं करतात?"

"तेलाचं. बहुतेक सगळं तेलच असतं." मग तिला संशय आला. "का हो?"

मी कढीचं सांगितलं. ती हसता हसता फरशीवर बसली, डोळे पुसले, आणि मी लोकांना काय सांगत होते ते कळल्यावर उठून उभी राहिली. रागावली नाही, पण तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "आजी, लोक डॉक्टरचं ऐकून येतात हो आपल्याकडे." त्या दुपारी तिनं मला सगळं पहिल्यापासून शिकवलं. केशरी सॉस म्हणजे रंगीत कपडे घातलेलं मेयोनीजच. ब्राउन पाव दिसायला साधू, आतून पांढऱ्याचा सख्खा भाऊ. टिक्की तळलेली, पनीर भाजलेलं. पाव शेकताना लोणी लावतात, नको म्हटलं तर लावत नाहीत, पण नको म्हणावं लागतं. आणि ज्या भाज्या मी जड म्हणून काढून टाकत होते, त्याच खऱ्या हलक्या. त्यांनी पोट भरतं आणि अंगाला काही चिकटत नाही. माझ्या हाताचा तराजू उलटा लावलेला होता.

माणिक आला तेव्हा त्याच्या हातात दवाखान्याची पिशवी होती आणि चेहरा सुकलेला होता. हलकं द्या असंही म्हणाला नाही. टेबलाशी जाऊन बसला. मी टोपी काढून समोर जाऊन बसले.

"माणिक, ऐक. मी तुला इतके दिवस दही म्हणून तेल चारलं. मला ठाऊक न्हवतं."

त्यानं काउंटरवरच्या बाटलीकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणूनच म्हणलं, उपाशी राहिल्यावानी करूनबी काटा वर कसा चाललाय."

आणि मग त्यानं ते सांगितलं. बायकोच्या, संगीताच्या, दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीन वेळा तिला पिंपरीला नेऊन मशीनवर रक्त साफ करून आणावं लागायचं. याची किडनी तिला जुळत होती. हा द्यायला तयार होता. पण डॉक्टर म्हणाले, इतक्या वजनाच्या माणसाची किडनी काढणं त्याच्याच जिवाला धोक्याचं. आधी वजन उतरवा, मग पुढच्या तपासण्या. त्या दिवशी ते दोघं डॉक्टरांकडे गेले होते. वजन वाढलेलं निघालं.

"माय म्हनायली, बायका देत्यात नवऱ्याला, गडी देतो का कुठं? भाऊबी तेच म्हनायलाय. आता वजन वाढलं म्हणल्यावर त्यांना वाटायलं, मीच मुद्दाम खायलोय. संगीताला काय वाटायलं असंल, ते इचारायची हिंमत व्हईना."

मी तोपर्यंत आयुष्यात बऱ्याच चुका केल्या होत्या, पण त्या सगळ्या माझ्या स्वतःच्या होत्या. ही चूक दुसऱ्याच्या बायकोच्या अंगात जाऊन बसली होती. मी दही समजून रेघा ओढत होते तेव्हा ती बाई तिकडे हातात सुया टोचून घेऊन पडली होती. ते दिवस तिला कुणी परत देणार नव्हतं.

"उद्यापासून तू बोट दावायचं न्हाई," मी म्हटलं. "मी देईन ते खायचं. घरी काय खायचं ते दवाखान्यातल्या आहाराच्या बाईला इचार, इथलं माझ्यावर सोड."

अर्धा पाव, लोणी न लावता शेकलेला. भाजलेलं पनीर, नाहीतर अंडं. चीज नको. काकडी, टोमॅटो, कांदा, सिमला मिरची इतकी की पाव मिटेना. वर मोहरीचा सॉस नाहीतर पुदिन्याची चटणी. थंड पेयाऐवजी पाणी. कॉम्बो म्हणून काही मागायचं नाही. कॉम्बो म्हणजे सँडविचच्या पाठीला बांधून पाठवलेली दोन पोरं, वेफर्स आणि साखरेचं पाणी, नको असली तरी घरात येतात. पहिल्या दिवशी त्यानं तोंड वाकडं केलं.

"मावशी, हे सँडविच हाय का भाजी मंडई?"

"मंडईच हाय. चावून खा. तुझी बस काय पळून जात न्हाई."

खाऊन झालं की मैदानाला फेऱ्या मारायच्या. मी काचेतून बघायची. दुपारची ती वेळच विचित्र होती. एक शिफ्ट आत गेलेली, दुसरी घरी पोचलेली, रस्त्यावरचे ट्रक उन्हात डोळे मिटून उभे. दुकानात कुणी नाही, फक्त फ्रीजची घरघर आणि गरम पावाचा वास. त्या घरघरीत मला मधमाश्या ऐकू यायच्या. डांबरावरून ऊन थरथरत वर चढायचं आणि त्या थरथरीत कांद्याचे गोंडे डोलताना दिसायचे, आणि त्यांच्यामधून माणिक चालत असायचा, पांढऱ्या शर्टातला, पाय जमिनीला न लागल्यासारखा. कधी त्याच्यामागे आणखी माणसं दिसायची. आमचे हे असायचे, जाऊन बरीच वर्षं झालेले, खांद्यावर खोरं टाकून काचेपाशी येऊन विचारायचे, "ठेचा हाय का गं तुझ्या दुकानात?" मी म्हणायची, न्हाई, मोहरी हाय. ते मान हलवून पुन्हा गोंड्यांत शिरायचे. मग दार ढकलून खरं गिऱ्हाईक यायचं आणि मी दचकून विचारायची, पाव कोणता?

अशा अर्धवट झोपेत मी बऱ्याच लोकांना सुधारलं असेल. तळवड्याच्या एका ऑफिसातली मुलगी यायची, डाएट म्हणून पाव नको, नुसतं सॅलड घ्यायची आणि त्यावर तीन बाटल्या रिकाम्या करून घ्यायची. मी म्हटलं, "बाई, पाव खाल्ला असतास तर बरं झालं असतं, निदान त्यानं तेल टिपलं असतं." ती आधी फुगली, मग चटणीवर आली. पण खरं सांगते, माझं लक्ष तिच्यात नव्हतं. मैदानातल्या फेऱ्यांत होतं.

माणिकचा पट्टा एक भोक आत गेला. मग आणखी एक. मी मनात पेढे वाटले. आणि एका दुपारी मी कचरा टाकायला मागच्या दारानं गेले, तर कोपऱ्यावरच्या गाडीपाशी हा पाठमोरा उभा, हातात वडापाव. एक संपवलेला, दुसरा चाललेला.

मी तिथेच ओरडले. रस्त्यावर, चारचौघांत, टोपी-मोज्यांसकट. "आरं, बायकोला किडनी देणार का वड्याचं तेल?"

त्याचा घास हातातच राहिला. गाडीवाला, कंपनीतली दोन-तीन पोरं, सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्यानं हे इथे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बसच्या ठेकेदाराला कळलं तर बसवरून उतरवेल, ही भीती त्याला होती, आणि ती त्यानं मला एकटीला सांगितली होती. त्यानं उरलेला वडा कागदात गुंडाळला, माझ्याकडे न बघता बसमध्ये जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी आला नाही. त्यानंतरही नाही. बस यायची, उभी राहायची, दार बंद असायचं. मी काचेला नाक लावून बघायची. मैदान मोकळं, डांबर नुसतं डांबर. गोंडेही दिसेनासे झाले. तेजल म्हणाली, "आजी, तुम्ही जाऊन बोला ना." मला लाज वाटत होती. लाज वाटायचं माझं वय गेलं असं मला वाटायचं, तेही चूक निघालं.

शेवटी एका दुपारी मी सँडविच बांधून घेतलं आणि बसचं दार वाजवलं. तो मागच्या सीटवर आडवा पडला होता.

"माणिक, माझं तोंड फार वाईट हाय. आमचे हेबी म्हणायचे."

तो उठून बसला. "तोंड वाईट न्हाई, मावशी. तुमी खरं बोल्लाव, त्याचाच राग आला." मग खिडकीबाहेर बघत, "भ्या वाटायलं मला. वजन उतरलं की खरंच कापत्याल. ज्या दिवशी पट्टा आत जातो, त्या दिवशी वडा खावासा वाटतो."

तोपर्यंत मी समजत होते की त्याला भुकेशी लढायचंय. मी त्याच्याशेजारी सीटवर बसले. बस उन्हानं तापली होती, पडद्यांतून पिवळा उजेड येत होता, आणि आम्ही दोघं कुठेतरी लांबच्या गावाला निघाल्यासारखे बसून राहिलो. मग मी म्हटलं, "भ्या वाटू दे की. संगीतालाबी वाटत आसंल. तिला सांगितलंस का?"

"न्हाई."

"मग आज घरी जाऊन वड्याचं आणि भीतीचं दोन्ही सांग. मला सांगून काय उपेग?"

त्यानं सांगितलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी तो काचेपाशी आला आणि स्वतः बोट दाखवत म्हणाला, "काकडी अजून टाका. संगीता म्हनली, भित्र्या माणसाची किडनी चालंल, पर लबाडाची नको."

पुढचं लांबण लावत नाही. वजन डॉक्टरांना हवं तिथे आलं. तपासण्या झाल्या, कागद झाले, माय रडली, भाऊ रुसला, हा मागे हटला नाही. एक दिवस बसवर दुसरा ड्रायव्हर दिसला. मी विचारलं तर म्हणाला, "माणिक रजेवर हाय, कशाची ते म्हायती न्हाई." मला माहीत होतं. त्या दिवसांत माझ्या सॉसच्या रेघा वाकड्या यायच्या. तेजल बाटली माझ्या हातातून घेऊन मला भाज्या चिरायला बसवायची. फोन करायचं धाडस होत नव्हतं. वाईट असेल तर ते ऐकायला कान तयार नव्हते, आणि तोवर मैदानात त्याला चालताना बघण्यापासून मला कोण अडवणार होतं?

बरेच महिने गेले. पावसाळा सरून हवेत कोरडेपणा आला होता. दुपारी, त्याच रिकाम्या वेळी, दार उघडलं आणि दोन माणसं आत आली. बाई सावळी, सडपातळ, तोंडाला मास्क. मागचा माणूस मला ओळखूच आला नाही, इतके कपडे त्याला सैल झाले होते. मग तो त्या बारीक आवाजात म्हणाला, "मावशी, आजपासून बसवर हाय बगा. हलकीच ड्युटी दिलीय." ठेकेदारानं काढलं नव्हतं, वड्याच्या गाडीपाशी ज्यांनी ऐकलं होतं त्या पोरांनीच त्याच्यासाठी शब्द टाकला होता म्हणे.

मी काउंटरच्या बाहेर आले. तिच्याशी काय बोलायचं ते मी कितीदा मनात जुळवलं होतं, माफी कशी मागायची तेही. पण ती समोर उभी राहिल्यावर माझ्या तोंडून एवढंच निघालं, "बाई, काय देऊ तुला?"

तिनं आधी काचेमागच्या सगळ्या पावांवरून, भाज्यांवरून, बाटल्यांवरून नजर फिरवली. मग आपल्या पोटावर एका बाजूला तळहात ठेवला, आणि मास्कवरचे तिचे डोळे बारीक झाले.

"मावशी, किडनी माझ्यात आली खरी, पर तिची सवय काय जाईना. दुपार झाली की मला आतून भूक लागायली, अन् डॉक्टर बाहेरचं कायबी खाऊ देईनात. तवा मला काय नको, तुमीच एकदा घरी या आन् तिला समजावून सांगा."